जुन्या मोटारीचीं रुंद चाकें : एक औचित्यविचार

वाङ्मय आणि कला यांचा विचार करणाऱ्या मासिकांत मोटारगाडीच्या मागच्या चाकांची चर्चा आलेली पाहून कित्येक वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. पण जुन्या कृतीला नव्या हातानें कितपत स्पर्श करावा, हा प्रश्न केवळ पोथ्यांचा किंवा देवळांचा नाहीं. जुन्या नाटकाची रंगावृत्ति तयार करणारा नाटककार, पडक्या वाड्याची डागडुजी करणारा गवंडी आणि घराण्याच्या चिजेंत स्वतःची तान घालणारा गवई, हे सर्व त्याच प्रश्नाशीं झुंजत असतात. अमेरिकेंत गेलीं पन्नास-साठ वर्षें हाच प्रश्न हजारों माणसें आपल्या घरामागच्या मोटारखान्यांत, हातांत मोजपट्टी आणि पत्रा कापण्याचें हत्यार घेऊन सोडवीत आलीं आहेत. १९६४ ते १९७२ च्या दरम्यान तेथें निघालेल्या ‘मसल कार’ या जातीच्या मोटारींना मागल्या बाजूस मूळच्यापेक्षां पुष्कळच रुंद टायर बसविण्याची जी चाल पडली आहे, ती आमच्या मतें एक लोककलाच होय. आणि कला म्हटली म्हणजे तिला टीकेच्या कसोटीस उतरणें भागच आहे. ती कसोटी लावून पाहण्याचा हा एक प्रयत्न.

ज्यांस या मोटारींचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. १९६३ च्या आरंभीं जनरल मोटर्स कंपनीनें आपल्या सर्व शाखांना शर्यतींतून अंग काढून घेण्याचा हुकूम सोडला. शिवाय मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घनइंचांहून मोठें इंजिन घालावयाचें नाहीं, असाही कंपनीचा दंडक होता. पाँटियाक शाखेंतील जॉन डीलोरियन व त्यांचे सहकारी इंजिनियर यांनीं या दंडकांतून एक पळवाट काढली. टेंपेस्ट ल मान्स नांवाच्या मध्यम गाडींत त्यांनीं मोठ्या गाडीचें ३८९ घनइंचांचें इंजिन बसविलें, आणि ती निराळी गाडी म्हणून जाहीर न करतां, गिऱ्हाइकानें जादा पैसे देऊन मागून घ्यावयाची एक सोय म्हणून १९६४ च्या यादींत घातली. हीच ती जी. टी. ओ. पहिल्याच वर्षीं तिचे ३२,४५० नग खपले, आणि मग इतर कारखान्यांनींही तोच कित्ता गिरविला. १९७० सालीं जनरल मोटर्सनें मध्यम गाड्यांवरील इंजिनाचें बंधन सैल केलें, तेव्हां शेव्हरोलेच्या शेव्हेल गाडींत ४५४ घनइंचांचें व ४५० अश्वशक्तीचें इंजिन आलें. तो या जातीचा मध्यान्ह ठरला. पुढें विम्याचे दर चढले, हवेच्या शुद्धतेचे कायदे कडक झाले, १९७३ सालीं तेलाची टंचाई आली आणि त्या आधींच उतरणीस लागलेला हा खेळ संपला. आठ-नऊ वर्षांचेंच हें आयुष्य. पण त्याची आठवण अद्याप ताजी आहे.

आतां या गाड्यांतील मूळचें वैगुण्य पाहूं. इंजिनाचा जोर कितीही असो, तो शेवटीं रस्त्यास टेकलेल्या दोन तळहातांएवढ्या रबरांतूनच जमिनीस पोंचावयाचा असतो. पहिल्या जी. टी. ओ. ची रिम चौदा इंच व्यासाची व अवघी सहा इंच रुंदीची होती. १९७० च्या त्या बलाढ्य शेव्हेलला ‘एफ ७०-१४’ या मापाचे टायर मिळत. त्यांतील ‘एफ’ हें अक्षर टायरची भार वाहण्याची शक्ति दाखवितें, ७० हा आंकडा त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा सत्तर असल्याचें सांगतो, आणि १४ हा रिमचा व्यास होय. आजच्या हिशेबानें ही रुंदी सुमारें २१५ मिलिमीटर भरते. म्हणजे आज बायकामुलांना घेऊन फिरावयास निघणारी साधीसुधी मोटारही एवढ्या टायरांवर चालत असते. साडेचारशें घोड्यांचा लोंढा एवढ्याशा वाटेनें बाहेर पडणार कसा? पायानें जोर दिला कीं मागचीं चाकें जागच्या जागीं गरगरत, रबर जळून धुराचे लोट उठत, आणि ज्या वेगासाठीं एवढा खटाटोप केला तो वेग धुरांतच विरून जाई.

हें वैगुण्य केवळ यंत्राचें असतें तर त्याचा विचार इंजिनियरांवर सोंपवून आम्ही मोकळे झालों असतों. पण तें रूपाचेंही आहे. १९६८ च्या डॉज चार्जर गाडीकडे बाजूनें पाहावें. दाराशीं अंग आंवळून धरलेलें आणि मागच्या चाकावर येतांच पुन्हां भरून आलेलें, अशी तिची रेषा आहे. कोका-कोलाच्या बाटलीच्या आकारावरून तिकडे या रेषेस नांवही पडलें आहे. झेप घेण्यापूर्वीं दबा धरून बसलेल्या श्वापदाच्या मांड्या फुगाव्या, तसा तो पत्रा फुगलेला दिसतो. डोळा त्या फुगाऱ्यावरून खालीं उतरतो आणि कमानीखालीं काय पाहतो? काळ्या पोकळींत आंत ओढून बसविलेलें एक रोडकें चाक! पहिलवानाच्या धडास बगळ्याचे पाय लावले असतां जें वाटेल तेंच येथें वाटतें. मोटारींचीं रूपें कागदावर रेखाटणाऱ्या चित्रकारांच्या हातून चाकें नेहमीं मोठीं व भरदारच उतरतात. हिशेबनीस आणि कारखाना यांच्या हातांतून जातांजातां तीं आकसतात. म्हणून रुंद टायर बसविणाऱ्याच्या बाजूनें पहिला मुद्दा असा मांडतां येतो कीं, तो मूळ कर्त्याचें अर्धवट राहिलेलें वाक्यच पुरें करीत आहे.

पण रुंद टायर खरोखरच जमिनीस अधिक धरतो काय? शाळेंत शिकविलेल्या नियमाप्रमाणें घर्षण हें भारावर अवलंबून असतें, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाहीं. इतकेंच नव्हे, तर नुसत्या रुंदीनें तें क्षेत्रफळही वाढत नाहीं. एका चाकावर ९०० पौंड भार आहे आणि टायरांत दर चौरस इंचास ३० पौंड दाबाची हवा आहे असें समजा. टायरच्या भिंतींचा ताठपणा हिशेबांत न धरला, तर जमिनीस टेकणारा भाग सुमारें ३० चौरस इंचच असावयाचा. अरुंद टायरवर तो सहा इंच रुंद व पांच इंच लांब होईल, रुंद टायरवर दहा इंच रुंद व तीन इंच लांब. मग लाभ कोठून येतो? तो येतो रबराच्या स्वभावांतून. रबर शाळेंतल्या नियमास पुरतेपणीं जुमानीत नाहीं. तें रस्त्याच्या खडबडीत कणांत रुततें, त्यांस चिकटतें, आणि भार जितका पसरून येईल तितकी त्याची धरण्याची शक्ति वाढते. रुंद टायरांत हवा कमी ठेवूनही तो भार पेलतो. शर्यतीचे टायर याच कारणानें पंधरा पौंडांच्या आसपास हवेवर धांवतात, आणि आमच्या वरील हिशेबांतले तीस चौरस इंच तेथें साठ होतात. शिवाय मोठ्या अंगावर उष्णता व झीज वांटली जात असल्यामुळें रबरही मऊ घेतां येतें. रुंदीचें खरें सामर्थ्य या हवेंत आणि या मऊपणांत आहे. ताठ रबराचा रुंद टायर भरपूर हवेनें फुगवून बसविला, तर त्याचा उपयोग बहुतेक दिसण्यापुरताच.

त्यास तोटेही आहेत, आणि ते लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ओल्या रस्त्यावर रुंद टायरला आपल्याखालचें पाणी बाजूस सारणें जड जातें, व तो लवकर तरंगूं लागतो. मागें रुंद व पुढें अरुंद अशी जोडी असली म्हणजे वळणावर मागचीं चाकें घट्ट धरतात, पुढचीं घसरतात, आणि गाडी वळण सोडून सरळच जाऊं पाहते. शिवाय टायर उंचही होतो. हल्लीं या कामीं पुष्कळ वापरला जाणारा ‘२७५/६० आर १५’ हा टायर घ्या. रुंदी २७५ मिलिमीटर. तिच्या शेंकडा साठ म्हणजे १६५ मिलिमीटर भिंत. ती दुप्पट करून पंधरा इंच रिममध्यें मिळविली कीं उंची २८ इंच होते. मूळचा टायर २६ इंचांच्या आंतबाहेर होता. म्हणजे वेगदर्शक कांटा ताशी ६० मैल दाखवीत असतां गाडी जवळजवळ ६५ नें धांवत असते, आणि उभ्या गाडीस पहिला धक्का देणारा जोर त्याच प्रमाणांत घटतो. एक गोष्ट बदलली कीं तिच्यामागून चार बदलाव्या लागतात, हा जुन्या कृतींच्या दुरुस्तीचा सार्वत्रिक अनुभव येथेंही येतो.

आतां प्रत्यक्ष कारागिरीकडे वळूं. चाकाच्या बाहेरच्या बाजूस मडगार्डाची कमान असते. आंतल्या बाजूस स्प्रिंगचे पाटे, सांगाड्याची तुळई आणि चाकासाठीं वांकविलेला पत्रा. या दोन भिंतींमध्यें नवा टायर बसवावयाचा. कुशल कारागीर टायर विकत घेण्यापूर्वीं जुनें चाक काढून, गाडीचा भार आंसावर ठेवून, दोन्ही अंगांची मापें घेतो. रिमची नुसती रुंदी कळून भागत नाहीं. ती आंसाला ज्या ठिकाणीं बोल्टांनीं जखडली जाते तेथपासून तिच्या आंतल्या कडेपर्यंतचें अंतर किती, यावर सारें अवलंबून असतें. यास तिकडील कारागीर ‘बॅकस्पेसिंग’ म्हणतात. आठ इंचांच्या रिमच्या दोन्ही कडा धरून एकंदर रुंदी सुमारें नऊ इंच होते. जखडण्याची जागा बरोबर मध्यावर असेल तर हें अंतर साडेचार इंच भरतें. तें वाढविलें कीं चाक आंत शिरतें, कमी केलें कीं बाहेर येतें. त्यांतही गाडी हालती वस्तु आहे हें विसरून चालत नाहीं. ती खड्ड्यांत दबते, वळणावर कलंडते, आणि पाट्यांच्या स्प्रिंगांवर सबंध आंस थोडासा बाजूस सरकतो. म्हणून दोन्ही बाजूंस निदान अर्ध्या-पाऊण इंचाची मोकळीक राखावी लागते. ती राखली नाहीं, आणि टायरची बाजू पत्र्याच्या धारेला घासत राहिली, तर ती फाटावयास एक खड्डा पुरे. आणि मागचें चाक भर वेगांत फुटणें म्हणजे काय, हें सांगावयास नको.

एवढी मोकळीक मूळच्या गाडींत सांपडली तर काम येथेंच संपतें. न सांपडली तर पुढच्या पायऱ्या सुरू होतात. पहिली पायरी म्हणजे मडगार्डाच्या कमानीची आंत वळलेली कडा रूळ फिरवून वर दाबणें. या कामीं थोडें धैर्य आणि पत्रा ऊन करण्यापुरता जाळ लागतो, पण कांहीं कापावें लागत नाहीं. दुसरी पायरी म्हणजे आंतला पत्रा कापून सांगाड्याच्या तुळईपर्यंत आंत नेणें व पाट्यांची जागा सरकविणें. तिसरी व शेवटची पायरी म्हणजे गाडीचा मागचा अर्धा सांगाडाच काढून टाकून नवा घडविणें. आंस दोन्ही टोंकांस कापून आंखूड करतात आणि मागच्या बैठकीची जागा दोन अवाढव्य पत्र्याच्या हौदांस देऊन टाकतात. मग त्यांत वाटेल तेवढें चाक मावतें. मात्र मागें माणूस मावत नाहीं. रूळ फिरविलेली कडा पुन्हां खालीं वळवितां येते. कापलेला सांगाडा पूर्वींसारखा होत नाहीं. आमच्या टीकेचा सारा भर पुढें या भेदावरच येणार आहे, म्हणून तो वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

ही चाल उद्भवली कशी, हेंही पाहिलें पाहिजे. पाव मैल सरळ रस्त्यावर दोन गाड्या उभ्या स्थितींतून सुटावयाच्या, अशी ‘ड्रॅग’ शर्यत अमेरिकेंत फार लोकप्रिय झाली. १९५१ सालीं वॉली पार्क्स यांनीं तिच्यासाठीं राष्ट्रीय संस्था स्थापून तिला नियमांत बसविलें. या शर्यतींत मागचीं चाकें जमिनीस घट्ट धरतात कीं नाहीं यावर सर्व अवलंबून. म्हणून नक्षी नसलेले, मऊ व रुंद असे टायर खास तयार होऊं लागले. मागच्या चाकांवर भार यावा म्हणून लोक काय काय करीत, त्याचा एक नमुना सांगतों. १९६५ सालीं क्राय्स्लर कंपनीच्या कांहीं शर्यतीच्या गाड्यांचा मागचा आंस पंधरा इंच व पुढचा दहा इंच पुढें सरकविण्यांत आला होता! दिसावयास त्या ओबडधोबड दिसत, पण त्यांतील प्रत्येक विद्रूपतेस कारण होतें. १९७० सालीं ‘प्रो स्टॉक’ नांवाचा शर्यतीचा वर्ग निघाला. त्यांतल्या गाड्या बाहेरून दुकानांतल्या गाड्यांसारख्या, आणि मागें मात्र राक्षसी चाकांच्या. त्या पाहून आलेल्या तरुणांस आपल्याही गाडीचें रूप तसेंच व्हावेंसें वाटलें, तर त्यांत नवल नाहीं.

येथें कारणाची आणि रूपाची फारकत होऊं लागली. प्रथम आलेली तऱ्हा स्वस्तांतली होती. मागचे धक्काशोषक हवेनें फुगवून गाडीची शेंपटी उचलावयाची, आणि कमानीच्या बाहेर डोकावणारे रुंद टायर खालीं लोंबत ठेवावयाचे. मग १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘प्रो स्ट्रीट’ ही शैली आली, व तिनें वर सांगितलेली तिसरी पायरी गांठली. इलिनॉय राज्यांतील दु क्वॉइन या गांवीं १९८६ पासून भरणारा मेळा हें तिचें माहेरघर झालें. या शैलींत चढाओढ सुरू झाली तेव्हां कोणीं एकावर एक दोन यंत्रें बसवून इंजिनास हवा पाजावयाची, कोणीं तिसरें चढवावयाचें, असा प्रकार चालला. रिक डॉबर्टिन यांची त्या दशकांत गाजलेली पाँटियाक गाडी तर या चढाओढीचा कळसच मानली जाते. तिची कारागिरी निःसंशय अलौकिक आहे. पण अशा पुष्कळ गाड्या मेळ्यास चालत जात नसत. त्या दुसऱ्या वाहनावर लादून आणाव्या लागत. जमीन धरण्यासाठीं निर्माण झालेला टायर आतां जमिनीस लागेनासा झाला.

याच्या उलट टोंकाचा एक नमुना आम्हांस चित्रपटांत सांपडतो. मॉण्टी हेलमन यांच्या १९७१ च्या ‘टू-लेन ब्लॅकटॉप’ या बोलपटांत दोन गाड्यांची पैज आहे. एक १९५५ ची शेव्हरोले, रंगही न दिलेली, नुसत्या करड्या अस्तराची, मागें रुंद टायर ल्यालेली. दुसरी १९७० ची चकचकीत जी. टी. ओ., दुकानांतून जशी आली तशी. शेव्हरोलेचे दोघे तरुण फारसें बोलत नाहींत. त्यांची गाडी त्यांनीं स्वतः घडविलेली, आणि ती ज्या कामासाठीं आहे तें काम करणारी. जी. टी. ओ. चा मालक वाटेंत गाडींत घेतलेल्या प्रत्येक पांथस्थाला आपल्याविषयीं निराळीच कथा सांगतो. त्या करड्या गाडीचीं मागचीं चाकें पडद्यावर कोठेंही मिरविलीं जात नाहींत. तरी तीं त्या गाडीचीं आहेत याविषयीं पाहणाऱ्यास क्षणभरही शंका येत नाहीं. अलंकार अंगाशीं एकजीव झाल्याचें हें लक्षण आहे.

अकराव्या शतकांत काश्मिरांतील क्षेमेंद्रानें ‘औचित्यविचारचर्चा’ लिहून काव्याचें जीवित औचित्यांत आहे असें प्रतिपादिलें. अलंकार कितीही मोलाचा असला तरी योग्य स्थळीं असेल तरच तो अलंकार. हा विचार मोटारीच्या चाकास लावण्यांत आम्हांस कांहीं वावगें दिसत नाहीं. कमान भरून काढणारें, पत्र्याच्या फुगाऱ्याला आधार देणारें, आणि इंजिनाच्या जोरास जमीन मिळवून देणारें चाक हें उचित होय. कमानींत न मावणारें, म्हणून गाडीचें पोट फाडून आंत घुसविलेलें, आणि नंतर कधीं न फिरणारें चाक हें अनुचित होय. यावर कोणी म्हणेल कीं, अतिशयोक्ति हाही आपल्या साहित्यशास्त्रानें मानलेला अलंकारच आहे. प्रो स्ट्रीट ही अतिशयोक्ति समजून तिचा आस्वाद कां घेऊं नये? आक्षेप क्षुल्लक नव्हे. पण अतिशयोक्तीलाही मुळांत एक सत्य लागतें, जें ती फुगवून सांगते. २००५ पासून अमेरिकेंत दरवर्षीं एक आठवड्याची शर्यत भरते. तींत पांच दिवस निरनिराळ्या मैदानांवर पाव मैल धांवावयाचें, आणि दोन मैदानांमधलें अंतर त्याच गाडीनें, सार्वजनिक रस्त्यानें, मदतीचें वाहन न घेतां कापावयाचें. एकंदर मजल हजार मैलांच्या घरांत जाते. तेथें अवाढव्य चाकांच्या, कापलेल्या सांगाड्यांच्या गाड्या येतात. आणि त्यांस अनुचित म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. त्यांची अतिशयोक्ति खऱ्या बळावर उभी आहे.

आतां दुसऱ्या पक्षाचें ऐकूं. हा पक्ष म्हणतो कीं, जुनी गाडी ही ऐतिहासिक वस्तु आहे. तिला कारखान्यांतून आली तशीच ठेवा, अगदीं त्याच मापाचा टायर, त्याच अक्षरांनिशीं. आम्हां मराठी वाचकांस हा युक्तिवाद नवा नाहीं. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढें कोणीं तींत पदरची ओवी घालूं नये असें बजाविलें, ही गोष्ट आपणांस परंपरेनें ठाऊक आहे. संहितेचे रखवालदार नसते तर जुन्या ग्रंथांची काय दशा झाली असती! आणि या पक्षाच्या बाजूनें एक मुद्दा आम्हीं स्वतःच पुढें करतों, कारण तो आमच्याच मतास छेद देणारा आहे. १९६८ च्या ‘बुलिट’ या बोलपटांत सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर मस्टँग आणि चार्जर या गाड्यांचा जो पाठलाग आहे, त्याची कीर्ति अद्याप ओसरलेली नाहीं. त्या पाठलागाची गोडी कशांत आहे? गाड्या रस्ता धरीत नाहींत यांत! चार्जर प्रत्येक वळणावर शेंपटी हलवीत घसरते. तिच्या चाकांचीं झांकणें तर इतक्यांदा निखळून पडतात कीं ती मुळांत किती चाकांची होती याचा हिशेब लागत नाहीं. मस्टँग एका वळणास चुकते, मागें येतांना तिचें मागचें चाक थरथरत धूर ओकतें, आणि पाहणारा खुर्चीच्या कडेस येतो. तेथें मागें रुंद, मऊ, चिकट टायर असते तर दोन्ही गाड्या गुमान निघून गेल्या असत्या. जोर आणि जमीन यांची ही फारकत त्या काळाचाच एक रस आहे. तो नाहींसा करणारा सुधारक कांहीं तरी खरोखर नाहींसें करीत असतो, हें त्यानें कबूल केलें पाहिजे.

तरीही आम्ही संहितावाद्यांशीं सर्वस्वीं सहमत होऊं शकत नाहीं, कारण ग्रंथ आणि कारखान्यांतली वस्तु यांत एक मोठा भेद आहे. ग्रंथ एक, प्रती अनेक. येथें प्रत्येक गाडी ही स्वतःच एक प्रत. १९६९ सालच्या शेव्हरोले कॅमेरो गाडीचे २,४३,०८५ नग निघाले. त्यांतील एखादी, मूळचें इंजिन हरवलेली, तळाशीं गंजलेली गाडी कोणीं परसांतून उचलून आणली, तिची कड वळविली, तिला मागें रुंद टायर दिले आणि ती पुन्हां रस्त्यावर आणली, तर त्यानें इतिहासाचें काय बिघडविलें? उलट भंगाराच्या ढिगांतून एक गाडी वांचविली. पण त्याच साली त्याच गाडीचा ‘झेड एल १’ हा प्रकार निघाला, तो अवघ्या ६९ नगांचा. त्यांतल्या एकीचा सांगाडा मागें हौद बसविण्यासाठीं कापणें म्हणजे जिची दुसरी नक्कल मिळणार नाहीं अशी पोथी फाडून तिच्या कागदाचा पतंग करणें होय. आज जुन्या कॅमेरोचें सबंध धड नव्या पत्र्यांत घडवून विकत मिळतें; ज्यास कापल्यावांचून चैन पडत नाहीं त्यानें तें घेऊन खुशाल कापावें. असें असतां कोणी दुर्मिळ मूळ गाडीच कापूं लागला, तर त्याची हौस चाकाची नसून नासाडीची आहे असें म्हणावें लागेल.

यावरून आमचा अभिप्राय स्पष्ट होईल. रुंद चाक ही जुन्या गाडीवरची टीका आहे. कारखान्यानें जो जोर दिला त्याला जमीन दिली नाहीं, आणि चित्रकारानें जी मांडी रेखाटली तिला पाय दिला नाहीं, असा अभिप्राय तो कारागीर शब्दांनीं न देतां टायरानें देतो. टीकाकारास मूळ ग्रंथाच्या समासांत लिहिण्याचा अधिकार आहे. समास संपला आणि मूळ अक्षरें खरवडण्याची वेळ आली, म्हणजे मात्र त्यानें लेखणी खालीं ठेवावी. निदान ती प्रत शेवटची तर नाहीं ना, एवढें तरी पाहून घ्यावें.

अलीकडे या गाड्यांच्या किंमती इतक्या चढल्या आहेत कीं, पुष्कळ मालक त्यांस कापडाखालीं झांकून ठेवतात आणि टायर झिजूं देत नाहींत. मूळच्या अरुंद टायरांचा अभिमान बाळगणारा आणि अवाढव्य टायर मिरविणारा, हे दोघे एरव्हीं एकमेकांचे कट्टे वैरी. पण गाडी दारांतून बाहेर न काढण्यांत दोघांचें एकमत होऊन बसलेलें कित्येकदां दिसतें. त्यांच्यापेक्षां आम्हांस तो मनुष्य अधिक आदरणीय वाटतो, जो रविवारीं सकाळीं मोजपट्टी घेऊन जमिनीवर उताणा पडतो, पाट्यापासून टायरपर्यंतची मोकळीक तिसऱ्यांदा मोजतो, पाव इंच कमी भरली म्हणून मनासारखा टायर परत करतो व एक माप लहान घेतो, आणि मग पोरांना मागच्या बैठकीवर बसवून गांवाबाहेर एक फेरी मारून येतो. बैठक शाबूत राहिली, चाक कमानींत बसलें, आणि गाडी चालली. टीकाकारानें याहून अधिक काय मागावें?